ऐरणीवरचा तुकडा

आठवडी बाजारात शिरले की घणाचा आवाज ऐकत मी लोहाराच्या पालाशी पोचते. परवाही तो लालभडक लोखंड ठोकत होता, बायको भाता ओढत होती. मी एक विळा उचलला. पात्यावर कारखान्याची चिठ्ठी अर्धवट खरवडलेली होती.

"दादा, हा तुम्ही घडवलेला नाही?"

"न्हाई ताई. शहरातनं आणतो."

"मग भट्टी कशाला पेटवलीय?"

"आवाजाबिगर गिऱ्हाईक वळत न्हाई."

इतकी वर्षं मी त्या आवाजावर विसंबले होते. रागानं मी ऐरणीवरच्या लाल तुकड्याकडे बोट दाखवलं. "आणि याचं काय होणार?"

"काय न्हाई," बायको म्हणाली. "पुढल्या बाजारी परत ह्योच."

माझ्यापेक्षा तो तुकडाच जास्त फसला होता. दर आठवड्याला तापायचं, मुकाट मार खायचा, आणि विळा कधीच व्हायचं नाही.