बर्फात ठेवलेलं सॅम्पल

“मॅडम, तुमचं सॅम्पल गोठलंय. एका आजोबांनी थर्मासमध्ये बर्फ ठासून आणलं होतं. पेशी सगळ्या फुटल्यात. दुसरं पाठवा.”

पुण्याच्या लॅबचा हा फोन मी बारामतीच्या माझ्या छोट्या लॅबमध्ये उभ्यानेच ऐकला. दुसरं पाठवा म्हणणं सोपं होतं. ते सॅम्पल म्हणजे मंगलच्या कमरेच्या हाडातून जाड सुईने ओढलेला मगज, बोन मॅरो. सुईची जागा बधिर करता येते, मगज ओढतानाची कळ नाही.

मंगल वडगाव निंबाळकरची, शाळेत बाई होती. तिला अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. पुण्यात केमोथेरपी झाली, आजार दबला आणि काही महिन्यांत पुन्हा उपटला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. परदेशात एका नव्या औषधाची ट्रायल चालू होती. जंतूंना चिकटायला आपलं शरीर अँटीबॉडी बनवतं. तशीच एक अँटीबॉडी लॅबमध्ये बनवायची आणि तिच्या पाठीवर विष लादायचं. ती ठरावीक खूण असलेल्या कॅन्सरच्या पेशीलाच चिकटते आणि विष तिथेच उतरवते. केमोसारखं सुक्याबरोबर ओलं फारसं जळत नाही. माझा एक वर्गमित्र अमेरिकेत याच कामात होता. त्याचा फॅक्स आला, ‘आधी खूण आहे का ते बघ.’

खूण बघायला जिवंत पेशी लागतात. म्हणून सॅम्पल घेऊन पुण्याला निघालेल्या मंगलच्या वडिलांना, तात्यांना, मी बजावलं होतं, “खिशात ठेवा, पण बर्फ नको.” पण तात्यांचं गावात दूध संकलन केंद्र. दूध नासू नये म्हणून धावण्यात जन्म गेलेला, त्यात ऐन मे महिना. त्यांच्या जिवाला माझं सांगणं पटलंच नसणार.

मंगलला मी खरं ते सांगितलं. पुन्हा टोचायचं तर सांगायलाच हवं होतं. ती आधी हसली.

“तात्या कुणाचं ऐकत्यात व्हय? त्यांना दूधच वाटलं असंल.” मग गंभीर झाली. “त्यांना कळू दिऊ नका, मॅडम. मशीन बिघडलं म्हना. माझी कळ दोन दिसात जाईल. त्यांची जायची न्हाय.”

मी तात्यांना मशीन बिघडल्याचं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

दुसरं सॅम्पल मी स्वतः एसटीने पुण्याला नेलं. रिपोर्ट आला. खूण होती, जवळजवळ प्रत्येक पेशीवर! मला इतका आनंद झाला, की कुणाला तरी सांगावं म्हणून उठले, आणि सांगायला कुणी नव्हतं. आमच्या धंद्यात पेशंट मायक्रोस्कोपखालच्या काचेवर भेटतो, आणि तालुक्याच्या गावी त्या काचेबद्दल बोलायला दुसरा माणूस नसतो. चहा केला आणि एकटीनेच प्याले.

मग वर्गमित्राचा पुढचा फॅक्स आला. ट्रायल फक्त तिथेच, पेशंटने तिथे येऊन राहायला हवं. मंगलला तोवर अंथरुणावर उठून बसवत नव्हतं.

“म्हंजी औषद हाय, पर हितं न्हाय,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं झालं सांगितलंत. घरात ह्यावर कुणी बोलतच न्हाय माझ्याशी.”

शाळा उघडायच्या आत ती गेली.

दिवाळीनंतर तात्या लॅबमध्ये आले.

“बाई, त्या बर्फानं गेली का माझी पोरगी?”

मी हातातली काच खाली ठेवली.

“मशीन-बिशीन काय बिघडलं न्हवतं. मी थर्मास उघडला तवा तितल्या मानसानं कपाळाला हात लावला, तवाच कळलं मला.”

“नाही हो, तात्या. दुसरं सॅम्पल चांगलं निघालं. औषधच आपल्याकडे नव्हतं. बर्फाचा काहीएक संबंध नाही.”

हे शंभर टक्के खरं होतं. मी रिपोर्ट काढून दाखवला, पुन्हा पुन्हा समजावलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते उठले.

“मशीनचं बी तुमीच सांगितलं व्हतं, बाई.”

त्यानंतर ते कधी आले नाहीत. काही वर्षांनी ते औषध बाजारात आलं. मी मात्र तेव्हापासून पेशंटच्या माणसांशी दयेपोटीही खोटं बोलत नाही. लोक मला तुसडी म्हणतात. म्हणोत. पुढे कधी खरं सांगायची वेळ आली, तर ते त्यांना पटायला हवं.