इंजिनाची सुई अर्धा फेरा सैल

बिरसीजवळच्या गावातले शाळामास्तर ते इंजिन रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा मी हसलोच. मी गोंदियाच्या धानगिरणीत इंजिन-मिस्त्री. माझं इंजिन चालू झालं की जमीन हादरायची. आणि हे तर मुठीत मावत होतं!

"मास्तर, हे इंजिन आहे का अडकित्ता?"

"हासून नका राहू, मिस्त्री. चालू होते, गुरगुरते अन् बंद पडते. काऊन पडते, ते सांगा."

लढाई नुकतीच संपली होती. बिरसीच्या लष्करी धावपट्टीवरचा एक गोरा कारागीर घरी परतताना हे खेळण्यातल्या विमानाचं इंजिन मास्तरांना देऊन गेला होता. लढाईची सगळी वर्षं मास्तरांनी तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून विमानं चढताना पाहिली होती. आता आपल्या हातचं एक तरी विमान कुंपणाच्या अलीकडून वर गेलेलं त्यांना बघायचं होतं. बांबूच्या काड्या नि पतंगाचा कागद लावून ते त्यांनी तयारही केलं होतं. घोडं अडलं होतं या इंजिनापाशी.

मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. कार्बोरेटर केवढा, तर बोटाच्या पेराएवढा. एक नळी आणि तिच्यात एक सुई. सुई सैल केली की पेट्रोल जास्त जाणार, आवळली की कमी. बस्स, एवढाच कारभार! वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच कालवायचं, हे तर मला पटेचना. मास्तरांनी दोनदा बजावलं तेव्हा कुठे घातलं.

इंजिन पाटावर घट्ट बसवलं, पंख्याला झटका दिला आणि सुई हळूहळू आवळत गेलो. आधी ओला, घोगरा आवाज आणि धूर. मग आवाज मोकळा होत गेला आणि एका जागी असा स्वच्छ, टिपेचा सूर लागला की माझ्या अंगावर काटा आला. सुई तिथेच सोडली. गिरणीत मी जन्मभर हेच करत आलो होतो. "घ्या मास्तर, आता बंद पडलं तर मिशी काढीन," असंही बोलून बसलो.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मास्तरांनी विमान सोडलं. काय चढलं हो! आंब्याच्या शेंड्याएवढं उंच गेलं, नाक वर केलं आणि एकदम गप्प. दुसऱ्या क्षणाला ते धानाच्या खुंटांत येऊन आदळलं. एक पंख मोडला.

माझं तोंड एवढंसं झालं. मास्तर मात्र रागावले नाहीत, मिशीची आठवणही काढली नाही. "पेट्रोल सरलं असंल," म्हणाले. विमानातल्या पेट्रोलच्या डबीत थोडं उरलं होतं, पण पुरेसं होतं का, यावर आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी चिडून विमान घरी घेऊन आलो.

पंख नवा होईतो मी विमान हातात धरून इंजिन चालवत बसलो. बायको म्हणायची, "कायले त्याले लेकरावानी घेऊन बसता?" एकदा सहज विमानाचं नाक आढ्याकडे केलं. आवाज बारीक झाला आणि इंजिन थांबलं! नाक सरळ करून पुन्हा चालू केलं, तर छान चाललं. पुन्हा नाक वर, पुन्हा गप्प. अरे बापरे! पेट्रोलची डबी मागे, सुई पुढे. नाक वर झालं की पेट्रोलला चढ लागतो, आणि मी तर सुई आधीच आवळून ठेवलेली. माझं गिरणीचं इंजिन चुन्यात रोवलेलं, त्यानं कधी मान वर केलीच नव्हती. मला कळणार कुठून?

मग सुई अर्धा फेरा सैल केली. जमिनीवर आवाज इतका घोगरा यायला लागला की कुणी ऐकलं असतं तर माझी मिस्त्रीगिरी गेली असती. पण नाक वर करताच तोच आवाज स्वच्छ झाला. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

या वेळी वाद नको म्हणून मी डबी काठोकाठ भरली.

विमान खोकत, धूर सोडत निघालं. मास्तरांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. पण चढ लागताच सूर लागला, आणि ते आंब्याच्या वर गेलं, गोल फिरत आणखी वर गेलं. मास्तर टोपी हातात धरून, "जाऊन राहिलं, मिस्त्री! जाऊन राहिलं!" असं ओरडत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही. मग वाऱ्यानं ते जंगलाकडे वळवलं. डबी भरलेली, ते थांबतंय कशाला! हळूहळू दिसेनासं झालं. आम्ही नुसते ऐकत उभे राहिलो.

"आता आयकू येत नाही," मास्तर म्हणाले. "बंद पडलं का?"

आवाज विरत गेला नव्हता, मध्येच तुटला होता. मला ते लख्ख कळलं होतं. पण मास्तर अजून वरच बघत होते.

"नाही जी," मी म्हणालो. "दूर गेलं."

इंजिनाच्या बाबतीत मी आयुष्यात तेवढं एकदाच खोटं बोललो.