मुराळ्याशिवाय नामपूर

बायका एकट्या कुठे कुठे जाऊ शकतात याची पाहणी करणारी एक ताई सातपूरच्या आमच्या खोलीत फॉर्म घेऊन बसली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी आठवीत होते. प्रश्न आईला होते आणि उत्तरं पहिल्या पाळीवरून आलेले बाबा देत होते. बाजारात? जाते. दवाखान्यात? जाते. "आमच्याकडे काही बंधन नाही, लिहा."

"आणि माहेरी?"

"एकदाही नाही," आई म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला. "मी कधी अडवलं तुला?"

तेही खरंच होतं. पण नामपूरला जायचं तर मामानेच मुराळी म्हणून न्यायला यायचं, असा आमच्याकडे रिवाज. मामा कांद्यात अडकला की आईचं माहेर लांबणीवर. आणि बाई एकटीच माहेरी आली, तर ती भांडूनच आली असं सगळे धरून चालत.

दोन दिवसांनी आईने पिशवी भरली. "नामपूरला जाते. चार दिवसांनी येईन." बाबा "अगं, लोक..." एवढंच म्हणाले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा दारात हजर, घामाघूम. तिकडे म्हणे सगळी गल्ली गोळा झाली होती आणि भांडण वगैरे काही नाही, असं आई हसून सांगत होती ते कुणाला पटतच नव्हतं. "दाजी, तिनं काई चुकनं व्हई तं पदरमा ल्या," मामाने बहिणीच्या वतीने माफी मागत हात जोडले. बाबांना आधी राग आला, मग हसू आवरेना.

तोडगा मामानेच काढला: बाबांनी येऊन आईला घेऊन जावं, गावाने बघितलं की तोंडं बंद. बाबांनी शर्टही चढवला. मला रडूच कोसळलं. आईची सगळी हिंमत वाया जाणार होती.

"तुम्ही आणायला गेलात तर ती भांडूनच गेली होती असं होईल!" मी ओरडले.

बाबा बटणं लावता लावता थांबले आणि खाटेवर बसले. मामाला म्हणाले, "तुम्ही जेवून निघा. ती तिची येईल."

चौथ्या दिवशी बाबा दुपारपासूनच बसथांब्यावर, 'सहज फिरायला' आलेले, मलाही सोबत घेऊन. आई उतरली ती उन्हाने लालबुंद झालेली, पण हसू तोंडावर मावत नव्हतं. कांद्यांची जड पिशवी तिने बाबांच्या हातात दिली.

"माझ्या आईला सांगून आलेय," ती म्हणाली, "दिवाळीला दादाला मला न्यायला पाठवू नकोस. मी येईन."