अळणी कारल्याचा डबा

ताम ताई रस्ता ओलांडत नाही, हे आमच्या नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गंमत बघा, सायगॉन बघायला येणाऱ्या गोऱ्यांना रस्ता ओलांडायला शिकवणारी बाईही तीच.

माझं पंक्चरचं दुकान तिच्या भाताच्या हातगाडीला लागूनच. दुकान कसलं, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि प्लास्टिकचं स्टूल. ताई सकाळी कण्यांचा भात आणि निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या फोडी विकायची. पाठीवर घराएवढी ओझी घेतलेले गोरे यायचे, फुटपाथच्या काठावर उभे राहायचे आणि स्कूटरचा लोंढा बघून पांढऱ्याचे हिरवे व्हायचे. ताई हातातला चिमटा नाचवत ओरडायची, "थांबायचं नाही! पळायचं नाही! मागे तर फिरायचंच नाही! हात वर करा आणि चला!" एक अक्षर कळायचं नाही त्यांना, पण चिमटा कळायचा.

स्वतः मात्र ती या कडेलाच. कारण पलीकडच्या कडेला उतची कॉफीची टपरी. उत तिची सख्खी धाकटी बहीण. आमच्याकडे घरात पोरांना आकड्यानेच हाक मारतात. ताम म्हणजे आठ, आणि उत म्हणजे शेंडेफळ. दिवसभर दोघी एकमेकींना समोर दिसायच्या आणि आठ वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

भांडण आईवरून. म्हातारी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं तामने केलं. डॉक्टरने मीठ बंद केलं होतं, म्हणून ताई तिला अळणी शिजवून घालायची. म्हातारी गेली, आणि रीतीप्रमाणे आईचा फोटो, उदबत्त्यांचं भांडं शेंडेफळाच्या घरी गेलं. उत ते उचलताना ताई म्हणाली, "आईला उचलायचं होतं तेव्हा कुठे होते तुझे हात?" झालं. उत भडकली. चार माणसांत म्हणाली, "तू अळणी खायला घालून मारलंस माझ्या आईला."

बोलून गेली खरी. पण असले शब्द परत कसे घ्यायचे? त्या दिवसापासून आईच्या श्राद्धाला ताई गेली नाही. त्या तिथीला गाडी लावायची, निखारे जरा जास्तच फुलवायची आणि धुरात तोंड घालून बसायची. तो धूर अखेर छातीत गेला. तिचा मुलगा म्हणाला, पुरे, आता कान थो शहरात माझ्याकडे ये. गाडी शनिवारी दुसऱ्या बाईला द्यायची आणि रविवारी निघायचं ठरलं.

मी उतला मुद्दाम सांगून आलो, "ताई जातेय गं. कायमची."

"मग? मी काय बँडबाजा लावू?" तिने कॉफी इतक्या जोरात ढवळली की निम्मी बाहेर.

इकडे ताई मला म्हणाली, "थोय, मी मोठी आहे. मी नाही जाणार. तिने एक हाक मारावी. एकच. तेवढ्यावर मी आठ वर्षं विसरेन."

"आणि नाही मारली तर?"

"तर नाही मारली. तू तुझं पंक्चर बघ."

त्याच आठवड्यात एक गोरं जोडपं आलं. तो ताडासारखा, म्हणून लांबू. ती उन्हाने टोमॅटो झालेली, म्हणून लाली. नावं सांगितली होती त्यांनी, पण आमच्या जिभेला झेपली नाहीत. ताईने चिमटा दाखवून रस्ता ओलांडायला शिकवला आणि ते तिलाच चिकटले. सकाळी ताईकडे भात, मग पलीकडे उतकडे बर्फाची कॉफी, मग नकाशा उघडून शहर बघायला. जुनं पोस्ट, बाजार, पॅगोडा, नदीवरची होडी. संध्याकाळी पाय ओढत परत यायचे आणि फोनमधले फोटो आधी ताईला, मग रस्ता ओलांडून तेच उतला दाखवायचे. एवढं मोठं शहर पडलंय, आणि यांचं सगळं येणंजाणं आमच्या दोन फुटपाथांमध्ये! मी तर हातच टेकले.

शुक्रवारी आईची तिथी आली. उतने टपरीमागच्या घरी शेजाऱ्यांना बोलावलं, मला बोलावलं आणि फोनमधून भाषांतर करून लांबू-लालीलाही बोलावलं. श्राद्धाला पान वाढायला नात्याचीच माणसं लागतात असं थोडंच आहे? दोघं गुडघे दुमडून चटईवर बसली. लांबूचे गुडघे कानाला लागत होते.

जेवणं झाली की पाहुण्याला घरी न्यायला काहीतरी बांधून द्यायचं, हा रिवाज. प्लास्टिकचे डबे संपले, तशी उतने फडताळातून जुना ॲल्युमिनियमचा डबा काढला. झाकणाला पोचा असलेला, तिच्या आईचा. त्यात तिने फोटोपुढे ठेवलेलं कारलं घातलं, खिमा भरलेलं. पाहुण्याला आईपुढचं द्यायचं म्हणजे मान असतो. खुणेने म्हणाली, बसमध्ये बसायच्या आधी खा आणि डबा मला परत द्या. त्यांची संध्याकाळची बस होती. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो.

पण त्या दोघांच्या पोटात सुईला जागा नव्हती. ती माझ्या मागोमाग तडक रस्ता ओलांडून आली, आणि लालीने डबा ताईच्या हातात दिला. आधी ताईकडे बोट, मग पलीकडे उतच्या घराकडे, मग तोंडाकडे. तू खा, तिकडचं आहे, छान आहे. एवढंच म्हणायचं होतं बिचारीला.

ताईने झाकणावरचा पोचा अंगठ्याने चाचपला.

"उतने पाठवलं?" तिने मला विचारलं.

मी घमेल्यात ट्यूब बुडवली आणि बुडबुडे बघत बसलो.

ताईने एक फोड तोंडात घातली. चावली. थांबली. "अळणी आहे."

"मीठ विसरली असेल."

"उत? जन्मभर खारट करत आलीये ती." ताईने आणखी एक फोड घेतली. "हे आईचं आहे, थोय. मी करायचे तसंच केलंय तिने."

मग मला आठवलं. उतने दोन पातेली चढवली होती. आम्हाला मोठ्यातलं वाढलं, फोटोपुढचं छोट्यातलं. शेजारणीने टोकलं, तर उत म्हणाली होती, "दर वर्षी असंच करते मी. तू जेव." दर वर्षी! आणि आमच्यापैकी कुणी कधी चाखूनही पाहिलं नव्हतं.

ताईने डबा रिकामा केला, धुतला, पुसला. रिकामा डबा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही. तिने त्यात कण्यांचा भात भरला, वर डुकराच्या शेवटच्या दोन फोडी ठेवल्या आणि काठाशी जाऊन उभी राहिली.

उतरली. चार पावलं गेली आणि मधोमध थांबली. लोकांना नको म्हणून सांगायची तेच केलं. स्कूटरवाले शिव्या देत दोन्ही बाजूंनी निघाले. मी पंप टाकून धावलो, पण लाली माझ्या आधी पोचली. तिने ताईचा दंड धरला, दुसरा हात वर केला आणि चालायला लागली. चिमटा तेवढा नव्हता हातात.

उत टपरीशी पेले विसळत होती. मान वर केली तर समोर ताई.

"तू पाठवलेला डबा पोचला," ताई म्हणाली.

उतने डब्याकडे पाहिलं. लालीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ही बया आता खरं बोलते की काय!

"पोचला ना?" उत म्हणाली. "मला वाटलं, परत पाठवशील."

"अळणी होतं."

"आईला तसंच लागायचं शेवटी." उतने ओले हात पुसले, पुन्हा पुसले. "तूच लावली होतीस सवय." मग एक स्टूल पायाने पुढे ढकललं. "बस ना, ताई."

ताई बसली. लांबू-लालीने ओझी पाठीवर चढवली, हात हलवला आणि बस पकडायला गेली. सायगॉनमध्ये काय काय पाहिलं ते घरी सांगत असतील. हे त्यांनी पाहिलं, पण त्यांना कळलं नाही.

रविवारी ताई कान थोला गेलीच. छातीचं दुखणं थोडंच थांबणार होतं! उत बसस्टँडवर गेली होती. तिने तो डबा पुन्हा भरून ताईच्या मांडीवर ठेवला. आता ताईला तो परत आणून द्यावा लागणार. आणि रिकामा तर आणता येत नाही.