दार्सैतहून रत्नागिरीला एक वाक्य

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कुणी भेटलं तर "कसे आहात" असं विचारत नाही. "तुमच्याकडे चालतंय का?" असं विचारतात. काय चालतंय, ते सांगावं लागत नाही. "चालतंय" असं उत्तर आलं तर समोरचा माणूस जरा संशयाने बघतो. "नाही" आलं की तिथेच पिशवी खाली ठेवून एक किस्सा सांगतो. ऐकणाऱ्याकडे त्याहून वाईट किस्सा तयारच असतो. आखातातल्या या दार्सैतमध्ये नेटचे किस्से असे एकावर एक चढत जातात. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळे मला थांबवून सांगतात आणि ते माझ्याकडे साठत राहतात. खाली लिहिलेले मात्र आमच्याच घरातले आहेत, माझ्या साजिद मामूच्या निकाहच्या आठवड्यातले.

* * *

साजिद मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ. जवळच्या बरका गावाच्या बाजारातून मासळीची गाडी चालवतो आणि आमच्याकडेच राहतो. निकाहसाठी रत्नागिरीला जायला त्याची रजा मंजूर झाली होती. मग दुसरा ड्रायव्हर अचानक नोकरी सोडून गेला आणि मामूचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला, "पुढच्या महिन्यात जा, इन्शाल्ला."

पण तारीख हलणार नव्हती. नाझिमा, म्हणजे माझी होणारी मामी, तिचे वडील जहाजावर नोकरीला आहेत. शनिवारी त्यांना मुंबईला हजर व्हायचं होतं, आणि त्यानंतर वर्षभर पाण्यावर. निकाह शुक्रवारी झाला तर झाला, नाहीतर वर्ष गेलं. अम्मी म्हणायची, "वर्षभरात लोक काय काय बोलतात, तुला नाय म्हायती."

गावच्या मौलवी साहेबांनी वाट काढली. नवरदेव हजर नसेल तर तो आपल्या जागी वकील नेमू शकतो. कोर्टातला नव्हे, घरातलाच कुणी. मामूतर्फे त्याचे चुलते "कबूल" म्हणणार होते. मात्र त्यांना वकील नेमल्याचं वाक्य मामूने स्वतःच्या तोंडाने, दोन साक्षीदारांना ऐकू जाईल असं बोलायला हवं. "आणि मला त्याचा चेहरा दिसला पायजे," मौलवी साहेब म्हणाले.

अब्बांनी विचारलं, "वाक्य रेकॉर्ड करून पाठवलं तर?"

"रेकॉर्डिंगला मी प्रश्न विचारला, तर ता उत्तर देईल?"

अब्बांनी "बरं" म्हटलं. मग फोन ठेवून म्हणाले, "एकच वाक्य तर आहे. होईल."

* * *

त्याच सुमारास नेटच्या कंपनीचा मेसेज आला. प्लॅन बदलला होता. इथे मेसेजच्या अ‍ॅपवर मेसेज जातो, पण फोन जात नाही. फोनसाठी ठरावीक अ‍ॅप्सच चालतात. आता कंपनी म्हणत होती की फोनसाठी कॉलिंग पॅक वेगळा, सिनेमांचा वेगळा, गेमचा वेगळा, आणि उरलेलं सगळं "उपलब्धतेनुसार".

वरच्या मजल्यावरचे जोशी काका सोहारला इंजिनिअर आहेत, सुट्टीला दार्सैतला येतात. त्यांनी आमच्या हॉलमध्ये बसून समजावलं. "काही देशांत नियम होता. कंपनीने तार पुरवायची, तारेतून काय जातं त्यात नाक खुपसायचं नाही. तिकडेसुद्धा तो नियम गेला, मग आपलं काय. समजा, गॅसवाला आला आणि म्हणाला, या सिलिंडरवर चहा केलात तर मोठी आच, आमटी केलीत तर मंद. का, तर चहापावडरही तोच विकतो."

जोशी काकूंनी शांतपणे विचारलं, "मग आमटी कशी करायची?"

"आमटी पॅक घ्यायचा."

सगळे हसले. अम्मी हसली नाही. तिने मामूला त्याच संध्याकाळी कॉलिंग पॅक घ्यायला लावला.

* * *

रविवारी पहिला प्रयत्न. फोन धरायचं काम माझ्याकडे, कारण माझा हात हलत नाही आणि मी मध्ये बोलत नाही. मामू नवीन शर्ट घालून सोफ्यावर बसला. पलीकडे मौलवी साहेब दिसले, त्यांच्या मागे दोन साक्षीदार. सलाम झाला. मौलवी साहेब म्हणाले, "साजिद, आता तू..." आणि तिथेच थांबले. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत.

मामूला वाटलं ते विचार करताहेत. तो अदबीने वाट बघत बसला. मीही बघत बसले. चहा आणायला गेलेली अम्मी परत आली तरी मौलवी साहेब विचारच करत होते.

"अगो आफरीन, त्यांचा फोटो झालाय!" अम्मी ओरडली.

मामू घाईने त्या फोटोलाच वाक्य ऐकवायला लागला. अम्मीने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "कोणाला सांगतंस, साज्या?"

आतल्या खोलीत टीव्हीवर कंपनीच्याच चॅनेलवर मालिका चालू होती. तिच्यातल्या सासूच्या नाकातली चमकी एकदाही अडखळली नाही. अम्मीने जाऊन टीव्ही बंद केला. तरी मौलवी साहेबांचं तोंड मिटलं नाही.

* * *

मंगळवारी कंपनीचा माणूस आला. तक्रार अम्मीने केली होती, फोनवर एवढी वाट बघून की त्यांची धून तिला पाठ झाली होती. माणूस सभ्य होता, बूट बाहेर काढून आला. त्याने आपल्या फोनवर वेग मोजला. काटा सर्रकन शेवटापर्यंत गेला.

"मॅडम, स्पीड तो फुल है."

अम्मीने त्याच्यासमोर रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावला. मौलवी साहेब आले, "वालेकुम" म्हणाले आणि गोठले.

"ये देखो."

त्याने परत वेग मोजला. काटा परत शेवटापर्यंत. "मॅडम, फुल है."

"मग मौलवी साहब क्यों अटकते हैं?"

तो बराच वेळ मौलवी साहेबांकडे बघत राहिला. मग बूट घालता घालता म्हणाला, "मॅडम, स्पीड हमारी तरफ से है. मौलवी साहब पॅकेज में नहीं आते."

मी ते संध्याकाळी काकूंना सांगितलं. काकूंनीही घरी वेग मोजून बघितला. काटा शेवटापर्यंत. मग पुण्याला बहिणीला फोन लावला, तर बहिणीचं नुसतं कपाळ आलं. काकू म्हणाल्या, "परीक्षकाला बघून हुशार होणारी मुलं असतात ना, तसं नेट आहे हे."

* * *

बुधवारी घरात भांडण झालं. काकूंनी सुचवलं होतं की एक अ‍ॅप मिळतं, ते टाकलं की आपण भलत्याच देशात बसलो आहोत असं कंपनीला वाटतं, आणि मग सगळं चालतं. त्यांच्या ओळखीचे कितीतरी जण वापरतात.

मामू लगेच तयार झाला. अब्बा कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "इथे त्याला बंदी आहे. पकडला गेलास तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल. निकाह करून बायकोला कुठे आणणार, बरक्याच्या तुरुंगात?"

"सगळे वापरतात, भावजी."

"सगळ्यांचा निकाह नाहीये शुक्रवारी."

मामू म्हणाला, "तसा तरी माझा कुठे आहे?" आणि उठून गॅलरीत गेला. तिथे तो पाठमोरा उभा राहिला. जेवायला हाक मारली तरी आला नाही.

अम्मीने साध्या मेसेजवर मौलवी साहेबांचंच मत विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "निकाह हलाल आणि रस्ता चोरीचा? मी नाय बसणार."

काकूंनी वाचून मान डोलावली. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या, जणू अ‍ॅप सुचवणारं दुसरंच कुणी होतं.

* * *

गुरुवारी जोशी काका सोहारहून आले तेच एक उपाय घेऊन. दुसरं एक परवानगी असलेलं अ‍ॅप आहे, त्यावर चित्र लहान दिसतं पण टिकतं. आमच्याकडे ते लगेच चाललं. आता ते मौलवी साहेबांच्या फोनवर हवं होतं, आणि तिथे जागा नव्हती.

मेसेजवर कळलं की त्यांचा फोन गुलाबांनी भरला होता. रोज सकाळी लोक त्यांना सलाम आणि फुलांचं चित्र पाठवतात. कितीतरी वर्षांचे गुलाब.

अब्बांनी लिहिलं, "साहेब, थोडे काढून टाकाल का?"

उत्तर आलं, "लोकांनी प्रेमाने पाठवलेत."

अब्बांनी फोन अम्मीला दाखवला. अम्मीने त्यांच्या हातातून तो घेतला आणि लिहिलं, "साजिदची आई असती तर तिने तुम्हाला हात जोडले असते." मामू लहान असतानाच माझी नानी गेली. अम्मी तिचं नाव असं मध्ये आणत नाही. ते वाक्य पाठवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच उभी राहिली.

संध्याकाळी मौलवी साहेबांचा मेसेज आला. "निम्मे काढले. अ‍ॅप आलं. उद्या जुम्म्यानंतर."

* * *

शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये जोशी काका-काकूसुद्धा आले. काकूंनी पेढे केले होते, पण डबा उघडायचा नाही असं त्यांनीच बजावलं होतं. तिकडे नाझिमाच्या घरी पुरुष बाहेर बसले होते, बायका आतल्या दारावरच्या पडद्यामागे. मी फोन धरला. अ‍ॅप लागलं. चित्र खरंच लहान होतं, मौलवी साहेब शेंगदाण्याएवढे, पण हलत होते.

"साजिद, ऐकू येतंय?"

"हो साहेब."

"साजिद?"

"हो."

"साजिद, आवाज नाय तुझा."

चित्र होतं, आवाज नव्हता. मामूने वाक्य मोठ्याने म्हटलं. मग ओरडून म्हटलं. तिकडे दोन्ही साक्षीदार कानाला हात लावून पुढे वाकले आणि तसेच गोठले. परत लावलं. परत तसंच. तिसऱ्यांदा लागलंच नाही.

मामूच्या नव्या शर्टची पाठ ओली झाली होती. तिकडे नाझिमाच्या वडिलांची बॅग भरून दारात ठेवलेली असणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अम्मी उठली. तिने मामूचा फोन घेतला आणि कुठलंही अ‍ॅप न उघडता, साधा परदेशात लागतो तसा फोन लावला. महाग असतो म्हणून आमच्याकडे तो कुणी वापरत नाही. एक रिंग झाली आणि मौलवी साहेब खोलीत येऊन बसल्यासारखे बोलले, "हॅलो?"

"हा चालतो," जोशी काका हळूच म्हणाले. "हा का नाही चालणार?"

अम्मीने फोन स्पीकरवर टाकला. "साहेब, चेहरा नाय मिळत. आवाज घ्या."

मौलवी साहेब म्हणाले, "आवाज घेतो. पण तो साजिदचाच कशावरून? साक्षीदारांनी ओळखला पायजे."

साक्षीदारांपैकी एक म्हणाले, "साखरपुड्याला बघितला होता. पण तवा तोंड उघडलान ता फक्त जेवायला."

चुलत्यांना विचारलं. त्यांना कानाने कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "असेल."

"असेल चालत नाय," मौलवी साहेब म्हणाले. "त्याचा आवाज ओळखणारा कोण हाय का हय?"

तेव्हा नाझिमाचे वडील बोलले. आवाजात जरा अभिमान होता. "आमच्यात कोण ओळखणार? लग्न ठरल्यापासून मी पोरीला त्याच्याशी एक शब्द बोलू दिला नाय. आमच्या घरात तसला चालत नाय."

अब्बांनी डोळे मिटले. मामूने घसा साफ केला. काहीतरी बोलायचं म्हणून तो "साहेब, मी" इतकंच म्हणाला.

पलीकडून, जरा लांबून, बांगड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ एका मुलीचा.

"तेच आहेत. घाबरले की आधी घसा साफ करतात."

लाइन इतकी स्वच्छ होती की तिकडचा पंखा फिरताना ऐकू येत होता.

मौलवी साहेब म्हणाले, "वडिलांची हरकत नसेल, तर ओळख पटली असं धरतो."

"हरकत नाय," नाझिमाचे वडील सावकाश म्हणाले. "फक्त जावयाला एक विचारा. आठवडाभर तुमचा फोन त्याला लागत नव्हता, मग ह्या दोघांचा कुठल्या नेटवर लागत होता?"

मामूने पुन्हा घसा साफ केला.