ज्वारीची बियर चाखायला पडेगावला

नाशिकच्या स्टँडवरून संभाजीनगरची गाडी हलली तेव्हा माझ्या पर्समध्ये तिकीट, पाण्याची बाटली आणि हिंगाची डबी होती. हिंग घेऊन कोण प्रवासाला निघतं? मी निघते. रोज सकाळी उठल्याबरोबर ती डबी उघडून नाकाशी धरायची, खोल श्वास घ्यायचा, आणि काहीच आलं नाही की झाकण लावून चहा टाकायचा. पाच महिने झाले. तीन दिवसांचा साधा ताप आला, गेला, आणि जाताना माझी वासाची शक्ती घेऊन गेला. हिंग नाही, कांदा नाही, उतू जाऊन करपलेलं दूध नाही. गॅस चालू राहिला तर कळायचं नाही म्हणून मी स्वयंपाकघरात दिवसातून दहा वेळा वाकून बटणं बघते.

दुसऱ्या एखादीला हे चाललं असतं. माझं पोटच नाकावर चालतं. एका वाइनच्या कारखान्यात मी वीस वर्षं चव तपासते. नमुन्याचा वास घ्यायचा, घोट फिरवायचा, थुंकायचा, कागदावर सही करायची. मी सही केली की माल बाहेर. नवरा सोडला तर वास गेल्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रंग बघून, जिभेवर जे कळतं त्यावरून आणि वीस वर्षांच्या सवयीवर मी निभावून नेत होते.

अशात संतोषचा फोन आला. संतोष माझ्या हाताखाली सहा वर्षं होता. मूळचा कन्नड तालुक्याकडचा, घाटाखालच्या एका गावातला. मेंढरं-म्हशी पाळणारं घर, आणि हा शिकून आमच्या प्रयोगशाळेत आलेला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तो संभाजीनगरला गेला आणि पडेगावला एका हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये बियर बनवायला लागला. मोठ्या कारखान्यातली नव्हे, एकेका टाकीची, हातची बियर. "मॅडम, जवारीची पयली टाकी तयार हाये. शनिवारी संध्याकाळी शेठनी चाळीस पाव्हणे बोलावलेत. तुम्ही चाखून व्हय म्हणा, मगच मी नळ उघडतो. तुमच्या नाकावर माझा लई भरोसा हाये."

आता या माणसाला काय सांगायचं? मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

येवला मागे पडल्यावर शेजारी एक आजी येऊन बसल्या. मांडीवर गाठोडं, पायाशी कोथिंबिरीची जुडी. त्या जुडीकडे मी असूयेने बघत होते.

"कुठं चालल्या, बाई? लग्नाला का?"

"नाही हो. एकाने बियर बनवलीय, ती चाखायला."

आजींनी मला पदरापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "मालक कुठं हायेत?"

"घरी. नाशिकला."

"त्यांना ठाव हाये?"

"आहे की."

"मंग ठीक," असं म्हणून त्यांनी गाठोडं थोडं दूर सरकवलं आणि वैजापूरला उतरेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

लासूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. माघातलं ऊन, वारा, मध्येच वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या (वाळलेली खोडं). डोळ्यांना सगळं सुंदर दिसत होतं, पण माझं चित्त कुठे थाऱ्यावर! मी मनात वाक्यं जुळवत होते. 'सुरुवातीला धान्याचा गोडवा, मागून मोसंबीची साल...' संतोषने फोनवर साहित्य सांगितलं होतं, त्यावरून अख्खं वर्णन मी बसमध्येच रचून टाकलं. परीक्षेआधी उत्तर पाठ करणाऱ्या पोरीत आणि माझ्यात फरक नव्हता.

पडेगावच्या थांब्यावर संतोष मोटरसायकल घेऊन उभा होता. वाळला होता बराच. शेड हॉटेलच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली. आत स्टीलच्या तीन टाक्या आरशासारख्या चकचकीत. शेडला लागून त्याची खोली, आणि खोलीच्या मागे दोन म्हशी. त्याची आई गावाहून त्याच्याकडे राहायला आली होती, म्हशींसकट. माउली दारात बसून ताक घुसळत होती. दोरी ओढायची, रवी फिरायची, हातातल्या बांगड्या वाजायच्या.

"या बाई," त्या म्हणाल्या. "हा तुमचंच नाव घेतो बघा. पर मी त्या शेडात पाऊल टाकीत नाय. लेकाचं काम हाये म्हनून गिलास तेवढे धुती, भायेरच्या नळावर."

"तूप किती होतं, मावशी?"

"व्हतं की. हाटेलवाला समदं घेतो."

चहा झाला आणि संतोषने मला टाकीपुढे उभं केलं. त्याने खालचा छोटा नळ सोडून दोन ग्लास भरले. रंग सुरेख, वाळल्या कडब्यासारखा. फेस पांढरा, दाट, ग्लासला धरून राहणारा. मी ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. वीस वर्षांत हे इतक्यांदा केलंय की नाटक वाटतच नाही. आत काहीही नव्हतं. नुसती थंड हवा.

घोट घेतला. जिभेला कडवटपणा कळला, हलकी आंबट धार कळली, बुडबुडे कळले. आणि अजून एक गोष्ट कळली. जिभेवर ओशट, बुळबुळीत असं काहीतरी मागे राहिलं. एरवी मी तिथेच थांबले असते. पण संतोष माझ्या चेहऱ्याकडे असा बघत होता, दहावीचा निकाल लागतोय जसा. मी स्वतःला म्हटलं, ज्वारी आहे, जरा जाडसर असणारच.

"सुरुवातीला धान्याचा गोडवा," मी म्हणाले, "मग मोसंबीची साल. छान जमलीय, संतोष."

"खरं सांगताय, मॅडम? काही उणं नाय ना?"

"काही नाही."

त्याने तिथल्या तिथे मालकाला फोन लावला. "शेठ, मॅडम व्हय म्हनल्या!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पाहुणचार म्हणून संध्याकाळी त्याने मला शहरात नेलं, नान-खलिया खायला. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, लालभडक तर्रीचा रस्सा, आणि नान म्हणजे भट्टीतली जाड, पिवळसर रोटी. बुढ्ढी लेनकडच्या गर्दीत एका जुन्या खानावळीत बसलो. वाढणारे चाचा म्हणाले, "बहनजी, पहले खुशबू लो, फिर निवाला. इसका आधा मज़ा नाक में है." मी मान हलवली. तिखट लागलं, मीठ लागलं, गरम लागलं. बस्स. चाचा दोनदा येऊन विचारून गेले, "कैसा है?" आणि दोन्ही वेळा मी "लाजवाब" म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं त्यांनी ओळखलं.

रात्री पडेगावच्या हॉटेलमधल्या खोलीवर झोप कसली येते! जिभेवरचा तो ओशट थर आठवत राहिला. बियर बनवणाऱ्यांना एक दोष चांगला ठाऊक असतो. यीस्ट काम करताना मध्येच लोण्यासारख्या वासाचं काहीतरी तयार करतं. टाकी अजून दोन-चार दिवस उबेत राहू दिली तर तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. घाई करून टाकी थंड केली, की वास आत अडकतो, आणि असली बियर जिभेला बुळबुळीत लागते. संतोषला हे पक्कं माहीत होतं. मीच तर शिकवलं होतं. मग त्याला कसं कळलं नसेल? नसेलच तसं काही, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

शनिवारी सकाळी संतोषच्या खोलीमागच्या नळावर मावशी ग्लास विसळत होत्या. आदल्या दिवशीचे आमचेच दोन ग्लास, तळाशी थोडी बियर राहिलेली. मी दात घासून तिकडे आले, तर त्यांनी एक ग्लास नाकाशी धरला होता.

"ह्या गिलासात लोनी कुनी ठिवलं व्हतं?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "माझं गाडगं तर झाकल्यालं हाये."

ऐकणारी मी एकटीच. संतोष हॉटेलपुढे खुर्च्या लावून घेत होता. मी काही बोलले नसते, तर मावशींनी ग्लास धुतला असता आणि विषय संपला असता. संध्याकाळी चाळीस लोक प्याले असते, चार जण नाक मुरडून गेले असते, मालकाने संतोषला हाकललं असतं, आणि मी तोवर नाशिकला घरी असते. खरं सांगते, हा विचार माझ्या मनात आला. आला आणि बराच वेळ थांबला.

मग मी खुर्च्यांकडे गेले.

"संतोष, बोलायचंय. मला वास येत नाही. पाच महिने झाले. काल जे बोलले ते सगळं मनाचं होतं."

तो हसला. थट्टाच वाटली त्याला. मग माझा चेहरा बघून त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"काल सांगायला काय झालं व्हतं, मॅडम?"

मी त्याने ठेवलेली खुर्ची उगाच सरळ केली.

"मी तुमच्या शब्दावर शेठला फोन केला! तुमच्या शब्दावर!" त्याचा आवाज चढला. हॉटेलची माणसं बघायला लागली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला बोलायचा हक्कच होता.

"आधी परीक्षा कर," मी म्हटलं. "नंतर मला पाहिजे ते बोल."

याची जुनी रीत आहे. दोन झाकणाच्या डब्यांत बियर घ्यायची. एक तसाच ठेवायचा, दुसरा अर्धा तास गरम पाण्यात धरून मग थंड करायचा. लपलेला दोष उबेने बाहेर येतो. संतोषने मुकाट्याने सगळं केलं. झाकणं उघडून त्याने एकात नाक घातलं, मग दुसऱ्यात.

"मला तर ह्योबी नेहमीसारखाच वाटतोय."

"नेहमीसारखा म्हणजे कसा?"

त्याने डबा पुन्हा हुंगला. "म्हंजी... घरासारखा."

बोलून झालं आणि तो तसाच थबकला. भिंतीपलीकडे गाडग्यात लोणी, चुलीवर तूप कढतंय, लहानपणापासून अंगाखांद्याला तोच वास. असल्या घरात राहणाऱ्याला लोणी वेगळं कुठून कळणार!

"आईला बोलाव," मी म्हणाले.

मावशी उंबऱ्याच्या आत यायला तयार होईनात. शेवटी डबे बाहेर नेले. त्यांनी पदराने हात पुसले, पहिला डबा हुंगला, "थोडंसं हाये." दुसरा हुंगला आणि मान मागे घेतली. "आरं, हे तर ताजं लोनी! ताकातून आत्ता काढल्यावानी. दारूत कशापायी घातलंस रे?"

"घातलं नाय, आई," संतोष खाली बसत म्हणाला. "घाई केली. शेठची तारीख ठरली म्हनून दोन दिस आधीच टाकी गार केली."

मालकाला फोन त्यानेच केला. पलीकडचा आवाज मला चार हातांवर ऐकू येत होता. "मग पाव्हण्यांना काय पाजू? ताक?" शेवटी चार दिवसांची मुदत मिळाली. चार दिवसांत टाकी सुधारली नाही तर शेड रिकामं करायचं, असं शेठने ठणकावून सांगितलं. संतोषने टाकीची थंडी बंद केली आणि तापमानाच्या काट्याकडे बघत उभा राहिला.

दुपारी त्याने मला मध्यवर्ती स्टँडवर सोडलं. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमच्या कारखान्यात ठाव हाये का हे?"

"नाही."

"मंग तिथं पाच महिने वास कोन घेतंय?"

मी गाडीत चढले. लेणी पाहिली नाहीत, मकबरा पाहिला नाही, दौलताबादचा किल्ला गाडीच्या खिडकीतून सरकत गेला तेवढाच. संतोषचा प्रश्न मात्र शेजारच्या रिकाम्या सीटवर बसून वैजापूरपर्यंत आला. तिथे गाडी दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरले आणि कारखान्यातल्या साहेबांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

सगळं ऐकून साहेब म्हणाले, "सोमवारी दहाला या. पाच महिन्यांतल्या प्रत्येक मालाची राखून ठेवलेली बाटली बाहेर काढू. वास दुसरं कुणीतरी घेईल. तुम्ही शेजारी बसून लिहा."

सोमवारी बसले. वास घ्यायला आमच्याकडची नवीन मुलगी, मेघा. मंगळवारी बसलो, बुधवारी सकाळी पण. एकामागून एक बाटली ठीक निघत होती, आणि मला वाटायला लागलं होतं की देव पावला. दुपारी संतोषचा निरोप आला: "आईनं वास घेतला. नुसती जवारी म्हनली. शेठनी पाव्हण्यांना परत बोलावलंय." निरोप वाचून मी डोळे पुसले. राग गेला की नाही, ते त्याने लिहिलं नव्हतं.

मोबाइल बाजूला ठेवते तोच मेघा थांबली. तिने ग्लास पुन्हा फिरवला, पुन्हा नाकाशी नेला, आणि माझ्याकडे बघितलं.

"सांग," मी म्हटलं.

"मॅडम, ही खराब आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय."

बाटलीवरच्या चिठ्ठीवर माझी सही होती. मी ग्लास हातात घेतला, हुंगला. नुसती थंड हवा. मग तिने सांगितलं ते शब्द न् शब्द लिहून काढलं आणि सहीसाठी वही तिच्याकडे सरकवली.