हिराबाय आणि बांधलेली कर्दळ

हिराबाय कोळीण आज पहाटे गेली, आणि आमच्या चाळीतली एक बाई म्हणाली, "सुटलो."

ते "सुटलो" माझ्यामुळे आलंय. म्हणून लिहितोय.

मी फोर्टात सॉलिसिटरच्या ऑफिसात कारकून. दिवसभर साक्षी आणि पुरावे. संशय घेणं हा माझा धंदा, आणि खरं सांगायचं तर स्वभावही. दूधवाल्याच्या लोट्यात मी रोज बोट घालून बघतो.

हिराबाय शीव कोळीवाड्याची. टोपली डोक्यावर घेऊन भोईवाड्यापर्यंत चालत यायची. आमच्या दारात बसून मासळी साफ करून द्यायची, आणि ते पाणी मोरीकडच्या माझ्या कर्दळीला ओतायची.

कर्दळ माझी लाडकी. ती साधी तांबडी नव्हे. परळच्या एका बंगल्यातल्या माळ्याने दिलेले कंद, पिवळ्या फुलावर लाल ठिपके. एकेक डोळा राखून कंद कापले, शेणखतात लावले. मोरीच्या पाण्यावर पुरुषभर उंच झाली.

इतकी दाट लावली होती की पलीकडचं दिसेना. हौसेला मोल नाही म्हणतात, तसं.

गेल्या पावसाळ्यात बायकोला सहावा महिना होता. आधी दोनदा पोटातच गेलं होतं. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आणि कर्दळीची पानं गुंडाळायला लागली.

नुसती गुंडाळलेली नाहीत. पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली.

एक पान आपोआप उलगडलं होतं. त्यावर एका ओळीत भोकं, सुईने टोचल्यासारखी. दुसऱ्याच्या पाठीवर शेंदूर. बोट फिरवलं तर बोटाला लागला.

दोरा, सुई, शेंदूर. आणि घरात पोटुशी बाई.

तुम्ही काय समजला असतात?

मी मॅट्रिक झालेला माणूस. तरी मनात करणीच आली.

चार दिवस पाळत ठेवली. पाचव्या सकाळी मोरीकडे गेलो तर हिराबाय कर्दळीत वाकलेली. दोन्ही हात पानात.

"काय करतेस?"

"बांधलेलं सोडवतंय, दादा."

"बांधलं कोणी?"

"जी आत बसून खाते, तीच बांधते."

आत बसून खाते.

माझ्या डोळ्यांपुढे ती दोन गेलेली बाळं आली. पुढचं मी ऐकलंच नाही. ती मुठीतलं काहीतरी दाखवत होती, मी तिचा हात झटकला. सगळ्या चाळीसमोर ओरडलो, "ही करणी करते. माझ्याकडे पुरावा आहे."

शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण उलटतपासणी करतो? त्याच दिवशी गल्लीतली सगळी दारं तिला बंद झाली.

टोपली उचलताना एवढंच म्हणाली, "बाईला जप, दादा."

मला तीसुद्धा धमकी वाटली.

आठ दिवसांनी मी एक पान उघडलं. चिमट्याने. हात लावायची हिंमत नव्हती.

आत अळी. हिरवी, पाणीदार, बोटाच्या पेराएवढी. तोंडातून पांढरा धागा काढून पान शिवत होती. गुंडाळी आरपार कुरतडते, म्हणून पान उलगडलं की भोकं ओळीत दिसतात.

मग ते शेंदराचं पान घेऊन माळ्याकडे गेलो. तो हसायला लागला.

"अहो राव, तांबेरा आहे हा, पानावरची बुरशी. दाट लावलीत, वारा कुठनं खेळणार? रोगट पानं जाळा, कंद विरळ करा. आणि अळीचं म्हणाल तर रोज सकाळी गुंडाळ्या सोडवून वेचून काढायची. दुसरा इलाज नाही."

रोज सकाळी. गुंडाळ्या सोडवून.

म्हणजे ती तेच करत होती. कोणी न सांगता, माझ्या झाडांसाठी.

मग मी चाळीत सांगितलं का?

नाही.

मॅट्रिक झालेला माणूस अळीला भ्याला, असं लोक म्हणतील. बस, एवढ्यासाठी. माझी अब्रू राहिली आणि नाव तिचं गेलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. चाळ म्हणाली, कोळणीला वेळेवर हाकललंत म्हणून निभावलं.

मी मान डोलावली. लाज वाटते हे लिहिताना, पण डोलावली.

शिमग्याच्या आसपास ती परळच्या बाजारात भेटली. दुपार टळली होती आणि टोपली भरलेलीच होती. तिनेच विचारलं.

"काय झालं बाईला?"

"मुलगी."

"बरी हाय?"

"हो."

"मग बरं."

थोडी थांबली. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली, असा माझा संशय आहे. जन्मभर घेतलेल्या संशयांपैकी हा एक तरी खरा असावा.

मी ट्राम चुकेल म्हणालो आणि निघालो.

आज तिच्या नणंदेकडून कळलं. तापाने गेली. बायको पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने पोरीला खाली निजवलं. मग म्हणाली, "आता तरी सांगा."

"काय सांगू?"

"अळीचं. तुम्ही चिमटा घेऊन उभे होतात ना, तेव्हा मी खिडकीत होते. तुमची अब्रू जाईल म्हणून मीही गप्प बसले. दोघांनी मिळून मारलं तिला."

तर सांगतो. भोईवाड्यातल्यांनी वाचा, ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवा.

हिराबायने करणी केली नाही. माझ्याकडे पुरावा नव्हता. साक्ष खोटी होती आणि ती मी दिली. आठव्या दिवशी मला सगळं माहीत होतं.

हसायचं तर हसा मला. पण तिच्या घरची कोणी उद्या टोपली घेऊन आली, तर दार लावू नका.

हिराबाय, बाजारात तू थांबली होतीस तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

आज एवढं लिहिलं, आणि वाचून दाखवायला तू नाहीस.

जा सुखाने, बाय.